वॉलेटच्या परवान्याची मुदत दोन्ही बाजूंना असावी : भारतीय रिझर्व्ह बँकेस खुले पत्र

प्रति,
माननीय गव्हर्नर
आणि पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स विभागाचे सर्व संबंधित अधिकारी,
भारतीय रिझर्व्ह बँक, मध्यवर्ती कार्यालय,
शहीद भगतसिंग मार्ग, फोर्ट, मुंबई.

विषय : बँकेतर कंपन्यांना प्रीपेड पेमेंट इन्स्ट्रुमेंटचा, म्हणजे आधी पैसे भरून वापरायच्या वॉलेटचा किंवा कार्डाचा, व्यवसाय करण्यासाठी द्यावयाच्या अधिकारपत्राच्या प्रक्रियेतील मुदतींबाबत.

महोदय,

मी सांगलीत व्यवसाय करणारा सनदी लेखापाल आहे. माझी बहुतेक वर्षे पतसंस्था, अडत दुकाने आणि छोट्या कंपन्यांचे ताळेबंद तपासण्यात गेली. अलीकडे मात्र माझ्याकडे येणाऱ्या तरुणांचा एक प्रश्न वारंवार कानावर पडतो, तो म्हणजे ‘सर, आम्हाला वॉलेट काढायचे आहे, परवाना कसा मिळेल?’ कुणाला हळदीच्या सौद्यात राबणाऱ्या हमालांची मजुरी कार्डावर जमा करायची असते, कुणाला ऊसतोड टोळ्यांच्या उचलीचा आणि हप्त्यांचा हिशेब रोखीतून बाहेर काढायचा असतो, तर कुणाला चार तालुक्यांतील दूध संकलन केंद्रे, पशुखाद्याची दुकाने आणि औषधांची दुकाने एकाच कार्डाने जोडायची असतात. यातील काही कल्पना कच्च्या असतात आणि तसे मी त्यांना स्पष्ट सांगतो. पण ज्या पक्क्या असतात, त्याही अर्जाच्या वाटेवर कुठे अडखळतात हे मला जवळून दिसत आले आहे, आणि म्हणून हे पत्र.

माझे म्हणणे एकाच मुद्द्यापुरते आहे. या प्रक्रियेत अर्जदाराला प्रत्येक पायरीवर मुदत आहे आणि ती चुकली तर त्याची मंजुरी आपोआप संपते. अर्ज तपासणाऱ्या यंत्रणेला मात्र बंधनकारक म्हणता येईल अशी मुदत नाही. हा असमतोल दूर करणे आपल्या अधिकारात आहे आणि त्यासाठी ग्राहकाच्या सुरक्षिततेचा एकही नियम सैल करण्याची गरज नाही.

सुरक्षिततेचा उल्लेख मी आधीच करतो, कारण परवाना लवकर द्या म्हणणाऱ्याला नियम नको असतात असा समज होतो. पतसंस्था बुडाल्यानंतर तिच्या बंद दारासमोर पासबुक हातात धरून उभे राहिलेले ठेवीदार मी पाहिले आहेत; त्यांतले काही माझ्या ओळखीचे होते. पतसंस्थेतील ठेवीला जसे ठेव विमा महामंडळाचे संरक्षण नाही, तसेच बँकेतर कंपनीच्या वॉलेटमधील शिलकीलाही नाही. तिथे ग्राहकाच्या पैशाला आधार असतो तो एस्क्रो खात्याचा, म्हणजे तो पैसा वेगळा राखून ठेवणाऱ्या बँक खात्याचा. ग्राहकांनी वॉलेटमध्ये भरलेली आणि अजून न वापरलेली रक्कम, तसेच दुकानदारांचे देणे, यांची बेरीज रोज दिवसअखेर त्या खात्यातील शिलकीपेक्षा जास्त असता कामा नये, त्या शिलकीवर कंपनीने कर्ज काढता कामा नये आणि लेखापरीक्षकाने ठरावीक काळाने त्याचा दाखला द्यावा, ही आपल्या निर्देशांतील व्यवस्था मला अत्यंत मोलाची वाटते. पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्यात २०१५ मध्ये घातलेल्या कलम २३अ मुळे अशा खात्यातील पैशावर ग्राहकांचा पहिला हक्क राहतो, हेही पतसंस्थेच्या ठेवीदाराला कधी न मिळालेले संरक्षण आहे. म्हणून दार अरुंद असावे याला माझी हरकत नाही. दारापाशी किती काळ उभे राहायचे हे मात्र आत जाऊ इच्छिणाऱ्याला कळले पाहिजे.

हे पत्र सामान्य वाचकही वाचतील, म्हणून थोडी पार्श्वभूमी देतो. एखाद्या डेअरीने स्वतःच्याच दुकानांत चालणारे प्रीपेड कार्ड काढले तर त्याला रिझर्व्ह बँकेची मंजुरी लागत नाही. तेच कार्ड शेजारच्या किराणा दुकानात चालू लागले की ती पेमेंट सिस्टीम होते आणि २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचे कलम ४ लागू होते. अधिकारपत्राशिवाय अशी व्यवस्था चालवणे हा तुरुंगवासाची तरतूद असलेला गुन्हा आहे. गावोगावी चांगल्या हेतूने ही रेषा ओलांडणारे लोक मला भेटतात आणि रेषा नेमकी कुठे आहे हे समजल्यावर ते दचकतात. अर्ज करायचा तर कंपनी कायद्याखाली नोंदलेली कंपनीच लागते; त्यामुळे सहकार कायद्याखालील पतसंस्थेला स्वतः अर्ज करता येत नाही. या पत्रातील आकडे आपल्या २७ ऑगस्ट २०२१ च्या मास्टर डायरेक्शनमधील, म्हणजे या व्यवसायासाठीच्या एकत्रित निर्देशांतील, आहेत, कारण माझे बहुतेक काम त्याच चौकटीत झाले आहे. त्यानुसार अर्जाच्या वेळी किमान ५ कोटी रुपये नेटवर्थ, म्हणजे कंपनीचे स्वतःचे निव्वळ भांडवल, हवे आणि अंतिम अधिकारपत्र मिळाल्यापासून तिसऱ्या आर्थिक वर्षाच्या अखेरीस ते १५ कोटींवर न्यावे लागते.

आता मुदतींकडे येतो. अंतिम अधिकारपत्राआधी तत्त्वतः मंजुरी मिळते आणि ती सहा महिने टिकते. त्या सहा महिन्यांत कंपनीने समाधानकारक सिस्टीम ऑडिट (संगणक यंत्रणेची तपासणी) अहवाल आणि नेटवर्थचा दाखला दिला नाही तर मंजुरी आपोआप रद्द होते. लेखी कारणे देऊन एकदाच, जास्तीत जास्त सहा महिन्यांची वाढ मागता येते. अंतिम अधिकारपत्र हाती आल्यावरही सहा महिन्यांत व्यवसाय सुरू करावा लागतो. हे सारे योग्यच आहे, कारण परवाना घेऊन तो कपाटात ठेवणारे लोकही असतात. पण याच कायद्याच्या कलम ७ मध्ये रिझर्व्ह बँकेसाठी काय लिहिले आहे? अर्जावर शक्य तितक्या लवकर प्रक्रिया करावी आणि दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत तो निकाली काढण्याचा प्रयत्न करावा. आकडा दोन्हीकडे सहा महिन्यांचाच आहे, मात्र अर्जदाराच्या बाजूला तो उलटला की मंजुरी संपते आणि दुसऱ्या बाजूला तो उलटला तर काहीच घडत नाही.

‘थोडे थांबायला काय हरकत आहे’ असे कुणी विचारेल. ताळेबंद लिहिणाऱ्याला ती हरकत आकड्यांत दिसते, म्हणून या जागी मी थोडा रेंगाळतो. आपल्या व्याख्येनुसार नेटवर्थ म्हणजे भरणा झालेले भागभांडवल, समभागांत सक्तीने रूपांतरित होणारे प्रेफरन्स शेअर, मुक्त राखीव निधी, शेअर प्रीमियम वगैरेंची बेरीज, आणि त्यातून वजा जातात संचित तोटा, पुढे ढकललेला महसुली खर्च आणि अमूर्त मालमत्तेची पुस्तकी किंमत. वॉलेट कंपनीची सर्वांत मोठी अमूर्त मालमत्ता कोणती? तिने स्वतः बांधलेले सॉफ्टवेअर. म्हणजे ज्या सॉफ्टवेअरचे पुढे सिस्टीम ऑडिट व्हायचे आहे, ते ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवताक्षणी तेवढी रक्कम नेटवर्थमधून कमी होते, आणि खर्च म्हणून दाखवले तर ती तोट्यात जाऊन पुन्हा नेटवर्थमधूनच कमी होते. हिशेबाची कोणतीही पद्धत घेतली तरी उत्तर तेच येते.

समजा, एका कंपनीने ६ कोटी रुपये भांडवल उभे केले आणि त्यातले ६० लाख सॉफ्टवेअरवर घातले. अर्जाच्या दिवशी तिचे नेटवर्थ ५ कोटी ४० लाख आहे. नियम पुरा झाला. तिला कमाई शून्य आहे, कारण अधिकारपत्राशिवाय कमावणे बेकायदा आहे. पण अनुपालन अधिकारी, माहिती सुरक्षेचा माणूस, सर्व्हर, जागेचे भाडे, लेखापरीक्षकाची फी हे काही थांबत नाही, कारण ही माणसे आणि ही यंत्रणा तयार आहे असेच अर्जात दाखवायचे असते. ठेवींवरचे व्याज जमेस धरूनही महिन्याला निव्वळ सात लाख रुपये जातात असे धरू. सहाव्या महिन्याच्या अखेरीस नेटवर्थ ४ कोटी ९८ लाखांवर येते. कंपनीने एकही चूक केलेली नाही, एकाही ग्राहकाला धक्का लावलेला नाही. तरी ती किमान मर्यादेखाली गेली आहे, आणि तिच्या अर्जावर अजून पहिलीच शंका विचारली जात असेल तर तिने पुन्हा भांडवल मागायला कुणाच्या दारी जायचे? ज्यांच्यामागे मोठा उद्योगसमूह किंवा परदेशी गुंतवणूकदार आहे त्यांना ही गळती जाणवतही नाही. चौघा मित्रांनी शेत गहाण ठेवून, नातेवाइकांकडून भागभांडवल गोळा करून उभ्या केलेल्या कंपनीला मात्र पात्रतेची कसोटी लागण्याआधीच या गळतीची कसोटी लागते. माणसे कष्टाळू आणि कागदपत्रे स्वच्छ असूनही नुसत्या वाट पाहण्याने थकलेली कंपनी पाहणे लेखापालाला फार जड जाते.

दुसरी अडचण ‘परत पाठवलेल्या’ अर्जाची. अर्ज नाकारायचा असेल तर कायद्यानुसार कारणे स्पष्ट नमूद करून लेखी नोटीस द्यावी लागते आणि अर्जदाराला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. नकारानंतर कलम ९ खाली तीस दिवसांच्या आत केंद्र सरकारकडे अपीलही करता येते. पण अर्ज नाकारला न जाता अपूर्ण म्हणून परत आला, तर माझ्या वाचनाप्रमाणे तो नकार ठरत नाही आणि सुनावणी व अपील ही दोन्ही दारे उघडत नाहीत. दरम्यान ४ डिसेंबर २०२० च्या परिपत्रकांमुळे दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. अधिकारपत्राला कायमस्वरूपी वैधता देण्याचे धोरण आले, हे स्वागतार्ह होते. आणि अर्ज नाकारला गेलेल्यांना, तसेच त्यांच्या प्रवर्तकांनी काढलेल्या नव्या कंपन्यांना, एक वर्षाचा कूलिंग पीरियड, म्हणजे पुन्हा अर्ज न करता येण्याचा काळ, लागू झाला. परत आलेल्या अर्जाला एक जादा संधी आहे, पण तीही फुकट गेली तर तेच एक वर्ष त्याच्या वाट्याला येते. म्हणजे परत पाठवण्याचा परिणाम नकाराइतका गंभीर होऊ शकतो, त्यातले संरक्षण मात्र नकारापेक्षा कमी आहे. एवढ्या गंभीर परिणामाच्या पत्रात ‘माहिती समाधानकारक नाही’ एवढेच वाक्य पुरेसे मानले जाऊ नये. कोणती माहिती, कोणत्या परिच्छेदानुसार आणि काय दिल्यास समाधानकारक ठरेल, हे कलमवार लिहिणे बंधनकारक व्हावे.

तत्त्वतः मंजुरीनंतरच्या सहा महिन्यांविषयी मला एक अनुभव सांगायचा आहे, आणि त्यात दोष रिझर्व्ह बँकेचा नाही. पुण्यातील एका कंपनीचे काम माझ्याकडे होते. मंजुरीचे पत्र आले, आम्ही पेढे वाटले, आणि दुसऱ्याच आठवड्यात एस्क्रो खाते उघडण्यासाठी एका बँकेकडे गेलो. त्या बँकेने अंतिम अधिकारपत्र मागितले. अंतिम अधिकारपत्रासाठी सिस्टीम ऑडिट हवे, ऑडिट करणाऱ्याला पैसे एस्क्रो खात्यात कसे येतात आणि तिथून दुकानदाराकडे कसे जातात हे चालू स्थितीत पाहायचे होते, आणि बँक म्हणत होती की आधी अधिकारपत्र आणा. शाखा, विभागीय कार्यालय, अनुपालन विभाग असे फिरण्यात जवळजवळ चार महिने गेले. शेवटी दुसऱ्या बँकेने खाते उघडले, आम्हाला मुदतवाढ मागावी लागली आणि ती मिळालीही. पण वाया गेलेले हे चार महिने एका ओळीने वाचले असते. तत्त्वतः मंजुरीच्या पत्रातच असे वाक्य असावे, की या पत्राच्या आधारे बँकांनी चाचणीपुरते एस्क्रो खाते उघडावे आणि अंतिम अधिकारपत्र मिळेपर्यंत त्यात जनतेचा पैसा स्वीकारला जाणार नाही. बँकेच्या शाखेत बसलेल्या अधिकाऱ्याला आपल्या पत्रातील एक वाक्य आमच्या दहा विनंत्यांपेक्षा जास्त धीर देते.

मुदत बांधून घेतल्याने नियामकाचे हात बांधले जातात, ही भीती मला अनाठायी वाटते. ब्रिटनमध्ये इलेक्ट्रॉनिक मनी रेग्युलेशन्स, २०११ खाली परिपूर्ण अर्जाचा निर्णय तीन महिन्यांत द्यावा लागतो आणि अर्ज अपूर्ण असला तरी तो पोहोचल्यापासून बारा महिन्यांच्या आत ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगावेच लागते. मला यातला दुसरा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. अपूर्ण अर्ज हा अर्जदाराचा दोष असला तरी तो अनंत काळ लोंबकळत ठेवण्याची मुभा कायदा देत नाही. तिथे लहान संस्थांसाठी, म्हणजे ज्यांच्याकडील ग्राहकांची न वापरलेली इलेक्ट्रॉनिक रक्कम सरासरी ५० लाख युरोंपेक्षा जास्त नाही त्यांच्यासाठी, नोंदणीची वेगळी आणि हलकी वाटही आहे. अशी वाट आपल्याकडे जिल्हा पातळीवरील कंपन्यांसाठी असावी असे पूर्वी माझे मत होते आणि काही सभांत मी ते मांडलेही. आता मी ते मागत नाही. वॉलेट लहान असले तरी त्यावरचा सायबर हल्ला लहान नसतो, केवायसीची जबाबदारी लहान नसते आणि बुडालेला पैसा ज्याचा असतो त्याच्यासाठी तो कधीच लहान नसतो. ५ कोटींची अट राहू द्या. ती मोजण्याची तारीख तेवढी न्याय्य करा.

प्रक्रिया लांबण्याचा आणखी एक परिणाम आपण लक्षात घ्यावा. ज्यांना थांबणे परवडत नाही ते दुसऱ्याच्या अधिकारपत्राखाली को-ब्रँडिंग करून, म्हणजे त्याच्या कार्डावर आपलेही नाव लावून, बाजारात येतात. को-ब्रँडिंगमध्ये सर्व जबाबदारी मूळ परवानाधारकाची असते, हे आपल्या निर्देशांत स्पष्ट आहे. पण गावातील माणूस कार्डावरचे मोठे नाव पाहतो. तक्रार घेऊन तो त्या नावाकडे जातो आणि तिथून त्याला दुसऱ्या शहरातील, कधी न ऐकलेल्या कंपनीकडे पाठवले जाते. स्वतः जबाबदारी घ्यायला तयार असलेली, त्याच तालुक्यात कार्यालय असलेली कंपनी परवान्याच्या रांगेत थकून अशा भाड्याच्या वाटेने गेली, तर ग्राहक आणि जबाबदार माणूस यांच्यातील अंतर वाढतेच. नियमनाचा हेतू ते कमी करण्याचा आहे असे मी समजतो.

मे २०२४ मध्ये आपण सुरू केलेल्या ‘प्रवाह’ पोर्टलचे मी मनापासून स्वागत केले. अर्ज ऑनलाइन भरता येतो, त्याची सद्यस्थिती पाहता येते आणि शंकांना तिथेच उत्तर देता येते. कुरिअरच्या पावत्या जपण्याचे दिवस संपले. याच पोर्टलवर पुढचे पाऊल टाकता येईल, असे मला सुचवायचे आहे. अर्ज आल्यापासून तीस दिवसांत तो परिपूर्ण आहे की नाही हे कळवावे, आणि नसल्यास सर्व शंका एकाच यादीत द्याव्यात. पहिल्या शंकेचे उत्तर दिल्यावर जुन्याच कागदातील दुसरी शंका निघू नये. नवी माहिती पुढे आली तरच नवी शंका यावी. परिपूर्ण ठरलेल्या अर्जाचा निर्णय सहा महिन्यांत व्हावा. तो होणार नसेल तर ‘मंजूर समजावे’ असे मी मुळीच म्हणत नाही, कारण जनतेच्या पैशाच्या बाबतीत मौन ही संमती असू शकत नाही. पण विलंबाचे कारण आणि पुढची तारीख अर्जदाराला लेखी मिळावी, आणि सहा महिन्यांनंतरच्या विलंबाच्या काळात अर्जाच्या दिवशीचे नेटवर्थ पात्रतेसाठी ग्राह्य धरावे. अंतिम अधिकारपत्राच्या आधी घट भरून काढण्यासाठी त्याला नव्वद दिवस द्यावेत. यात ग्राहकाला कोणताही धोका नाही, कारण त्या दिवसापर्यंत कंपनीकडे ग्राहकाचा एक रुपयाही आलेला नसतो.

शेवटची मागणी आकड्यांची आहे. ऑनलाइन पेमेंट अ‍ॅग्रिगेटरांच्या, म्हणजे व्यापाऱ्यांसाठी ग्राहकांचे ऑनलाइन पैसे गोळा करणाऱ्या कंपन्यांच्या, अर्जांची स्थिती आपण २०२३ मध्ये आपल्या संकेतस्थळावर जाहीर केली होती. कुणाला तत्त्वतः मंजुरी मिळाली, कुणाचा अर्ज प्रक्रियेत आहे आणि कुणाचा परत गेला, हे कुणालाही वाचता येत होते. त्यामुळे व्यापाऱ्यांना कुणाशी करार करावा हे कळले आणि अर्जदारांनाही आपण कुठे उभे आहोत याचा अंदाज आला. तशीच यादी प्रीपेड पेमेंट इन्स्ट्रुमेंटच्या अर्जांसाठी नियमितपणे प्रसिद्ध व्हावी, आणि वर्षभरात किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती परत गेले व निर्णयाला सरासरी किती दिवस लागले, हेही त्यात असावे. तो तक्ता हाती असेल तर माझ्याकडे येणाऱ्या तरुणांना मी पहिल्याच भेटीत सांगू शकेन की सहा कोटी पुरतील की साडेसात लागतील, घर गहाण टाकावे की नाही, आणि नोकरीचा राजीनामा या वर्षी द्यावा की पुढच्या. आज या प्रश्नांना माझ्याकडे अंदाजापलीकडे उत्तर नाही.

या सूचनांवर विभागाने अर्जदार, लेखापाल आणि बँका यांच्याकडून अभिप्राय मागवावेत, आणि ते मराठीसह इतर भारतीय भाषांतही स्वीकारावेत, अशी विनंती करतो.

कळावे,

आपला विश्वासू,
एक सनदी लेखापाल, सांगली